विचारल्याशिवाय घेऊ नये

भोईरबाईंच्या हाताखाली काम करणं म्हणजे छळ होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच चांगलं बोलणार आहे, त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून त्यांचा भक्त होतो असं कोणाला वाटायला नको. पहिले सहा महिने तर मी घरी जाऊन बायकोला रोज एकच गोष्ट सांगायचो, की ही बाई तरी राहील नाहीतर मी तरी.

आमचं इस्पितळ सरकारी. उल्हासनगराकडून अंबरनाथला जाताना लागतं, नाव कशाला हवं. बाळंतपणं आणि लहान मुलं, हाच मुख्य कारभार. तळमजल्यावर केसपेपरच्या रांगेला लागून औषधांची खिडकी आणि खिडकीच्या आत भोईरबाई. त्या मुख्य फार्मासिस्ट, मी दुय्यम. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पांढऱ्या कोटाच्या खिशात तीन पेनं आणि एक भिंग. बदलापूरच्या पलीकडच्या गावातल्या. शिकल्या मुंबईत, पण चिडल्या की गावचं बोलणं बाहेर पडायचं. बाहेर ही एवढी रांग ताटकळत उभी आणि बाई आतून एकेकीला विचारतायत, "वजन किती?"

"कोणाचं, माझं?"

"तुझं काय करू? बाळाचं."

"चार वर्षांचा हाय."

"वय नाय विचारलं. वजन."

ते कोणालाच माहीत नसायचं. मग बाजूच्या दारातून मूल आत यायचं, वॉर्डातून मागून आणलेल्या जुन्या काट्यावर चढायचं, रडायचं, एकदा तर काट्यावरच मुतलं. तोवर रांगेतून शिव्या. एक सिंधी आजोबा नातवाला घेऊन आले होते, ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, डॉक्टर ने लिख के दिया है ना, दे दो ना साईं." बाईंनी चष्मा वर केला. "डॉक्टर ने उमर देख के लिखा है साईं. दवाई उमर में नहीं जाती, बदन में जाती है. चढाओ काटे पे."

पोरगं निघालं हडकुळं. बाईंनी चिठ्ठी परत डॉक्टरांकडे पाठवली. डॉक्टर आधी चिडले, मग त्यांनी आकडा बदलला. असं आठवड्यातून दोन-चारदा तरी व्हायचं. डॉक्टरमंडळी बाईंना मागून 'वजनमाप खातं' म्हणायची. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती.

दुपारी रांग ओसरली की बाई पुड्या बांधायला बसत. लोकांना वाटतं, लहान मुलांची औषधं म्हणजे गोड सिरप, बाटलीवर ससा. ताप-खोकल्याचं ठीक आहे. पण मुलांच्या हृदयाच्या, फिटच्या गोळ्या आमच्याकडे यायच्या त्या मोठ्यांच्याच. मग ती गोळी खलात घोटायची, पिठीसाखर मिसळायची, ढिगाचे सारखे भाग करायचे आणि एकेक भाग कागदाच्या पुडीत. बाई हे काम मला करू देत नसत. श्वास रोखून बसायच्या, पंखा बंद. आम्ही घामाने निथळतोय आणि पंखा बंद.

"हे भाग सारखे दिसतायत ना रे, सावंत?"

"एकदम सारखे, बाई."

"दिसतायत. आहेत का ते देवाला माहीत." पुडी मिटता मिटता म्हणायच्या, "अंबरनाथच्या एमआयडीसीत जा, औषधांच्या एवढ्या मोठ्या कंपन्या. आणि आपल्या पोरांचं औषध खलबत्त्यात. ही गोळी बनवताना पोराचा विचार कोणी केलाच नाय. मोठ्यांच्या ताटातलं उष्टं द्यावं तसं देतोय आपण."

बाईंच्या खणात लाल नेलपॉलिशची बाटली असायची. नखं मात्र कायम कापलेली, कोरी. ती नेलपॉलिशची भानगड शिरगावच्या एका मुलीमुळे सुरू झाली. शिकलेली मुलगी, नवीन इमारतीत राहणारी, पहिलं बाळ. बाळाला ताप आला तेव्हा तिने आमच्याकडचं सिरप चमच्याने दिलं होतं. पुढच्या तापाला बाहेरून त्याच औषधाची थेंबांची बाटली आणली आणि तीही चमच्याने दिली. औषध तेच, नाव तेच, पण थेंबांचं औषध कितीतरी जहाल असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. बाळ आठवडाभर भरती होतं. वाचलं. तेव्हापासून बाई प्रत्येक बाटलीबरोबर सुईशिवायची सिरिंज देऊ लागल्या आणि त्या बाळाच्या वजनाला जेवढं औषध तेवढ्यावर नेलपॉलिशची लाल रेघ. "रेघेपर्यंत भरायचं. चमचा आमटीला." सिरिंजा कमी पडल्या की बाई वॉर्डातून उचलून आणत. सिस्टर लोकांशी त्यांची कायम जुंपलेली असायची.

आणखी एक खोड होती. एखाद्या आईला किंवा मुलाला औषध बाधलं असा संशय जरी आला, तरी बाई दुष्परिणामाचा सरकारी फॉर्म भरायच्या. अंगावर पुरळ, उलट्या, काहीही. सगळे रकाने सुवाच्य अक्षरात. मी एकदा वैतागून म्हणालो, "बाई, कोण वाचतंय हे? आजवर एक तरी उत्तर आलंय?"

"नाय आलं."

"मग?"

"मग काय मग? मोठ्या माणसांवर तपासलेली औषधं आपण पोरांना आणि पोटुश्यांना घालतोय. काय होतंय ते बघतंय कोण? आपणच ना? बघितलं ते लिहायचं." पुढचा फॉर्म ओढला. विषय संपला.

खिडकीच्या वर एक पाटीही होती, ती अंबरनाथच्या एका बाईमुळे लागली. सातवा महिना, कंबर दुखते म्हणून तिने नवऱ्याच्या पाठदुखीच्या गोळ्या पंधरा दिवस खाल्ल्या. घरातलीच गोळी, नवऱ्याला लागू पडते, मला का नाही, एवढा साधा हिशोब. पोटातलं पाणी कमी झालं, बाळ वेळेआधी आलं, आमच्याकडच्या पेटीत दोन दिवस होतं आणि गेलं. बाईंनी त्या रविवारी घरी बसून पत्र्यावर स्वतःच्या हाताने पाटी रंगवली. निळी अक्षरं, खाली लाल रेघ. 'पोटुशी बाईने या खिडकीवर विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये.' नुसती लावून थांबल्या नाहीत. खिडकीवर आलेल्या प्रत्येक बाईकडून ती म्हणून घ्यायच्या, शाळेत पाढे घेतात तसे. "काय सांगितलं मी?" "विचारल्याशिवाय घ्यायची नाय." "शाब्बास. सासूलापण सांग." वर्षभरात विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंतच्या बायका येऊन विचारू लागल्या. बाई, डोकं दुखतंय, ही घेऊ का? बाई, खाजेचं मलम लावू का? बाई खूश. मीही, खोटं कशाला बोलू, त्या वर्षी पहिल्यांदा आपण काहीतरी कामाचं करतोय असं वाटलं.

त्या बायकांमध्येच संगीता होती. विठ्ठलवाडीच्या चाळीत राहायची आणि उल्हासनगरच्या कॅम्पात जीन्सचे धागे कापायच्या कामाला जायची. तिला शाळेत असल्यापासून फिट यायची. लग्नाआधीपासून महिन्याच्या महिन्याला ती आमच्या खिडकीवरून गोळ्या न्यायची. एकही दिवस चुकवायची नाही, म्हणून बाईंची लाडकी. बाई तिला संगी म्हणायच्या. लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं. घरात बोलणी बसायची, पण त्यापेक्षा तिला स्वतःलाच मूल हवं होतं, अगदी उघड, न लाजता. गोळ्या घेताना सांगायची, "बाई, मुलगी झाली ना, तर तुमच्या काट्यावर पहिली ठेवणार."

तिची गोळी पोटातल्या बाळाला वाईट, हे बाईंना माहीत होतं. दिवस जाण्याआधीच ती बदलायला हवी आणि बदलायची तर मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला हवं, असं बाईंनी तिला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा संगीता "हो बाई" म्हणाली. तिकडे जायचं म्हणजे दोन खाडे. कामावर खाडा केला की दुसरी बाई बसवतात. राहिलं.

गणपतीत बाई पाच दिवस रजेवर असायच्या. घरचा गणपती, गावात मोठा. त्या पाच दिवसांत खिडकी माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी संगीता आली. गोळ्या संपायच्या बाकी होत्या, म्हणून मी विचारलं, "काय गं, आज कशी?"

"बाई नाहीत?"

"सोमवारी येतील. काय हवंय?"

"काही नाही सर. बाईंनाच विचारायचं होतं."

मी म्हणालो बरं, आणि पुढच्या माणसाचा कागद घेतला. रांग होती. रांग नेहमीच असते, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण एका बाईला बाईलाच काय विचारायचं असतं, एवढं मला कळायला हवं होतं. चिमूटभर अक्कल लागते त्याला. ती त्या दिवशी माझ्यापाशी नव्हती.

सोमवारी बाई आल्या, संगीता आली नाही. ती आली महिन्याने. गाल बसलेले, कपाळावर टाके, नवऱ्याचा हात धरून. तिला दिवस गेले होते. घरच्या घरी तपासून कळलं, तशी ती पाटीप्रमाणे विचारायला आली. बाई नव्हत्या. म्हणून तिने फिटची गोळी बंद केली. बाई आल्या की विचारू आणि मग घेऊ. रविवारी मोरीत पहिली फिट आली, डोकं उंबऱ्यावर आपटलं. मग रिक्षात दुसरी, मग तिसरी, थांबेचनात. दुसऱ्या इस्पितळात चार दिवस बेशुद्ध होती. बाळ राहिलं नाही.

हे सगळं तिने खिडकीच्या गजाला धरून सांगितलं. तक्रार म्हणून नाही. तेच तर ऐकवत नव्हतं. ती म्हणाली, "बाई, मी तुम्ही सांगितल्यासारखंच केलं हो. विचारल्याशिवाय एकपण गोळी घेतली नाही. तरी असं कसं झालं?"

 बाईंनी तिच्या गोळ्या काढल्या, मोजल्या, परत मोजल्या, आणि मला म्हणाल्या, "सावंत, जरा मोजून दे. मला जमत नाय." त्यांच्यासारख्या बाईला पट्ट्या मोजता येईनात. संगीता गेल्यावर त्या स्टुलावर चढल्या आणि पाटी काढली. स्टूल धरायला मी गेलो तर म्हणाल्या, "नको. पडू दे पडले तर."

मी आपलं समजावत होतो. "बाई, तुम्ही पोटुशीने नवीन गोळी घेऊ नये असं म्हणत होता. तिला कळलं नाही."

"तिला बरोब्बर कळलं. मीच अर्धं लिहिलं." मग त्या संध्याकाळपर्यंत कागदावर नवा मजकूर जुळवत बसल्या. चालू असलेली गोळी विचारल्याशिवाय सोडू नये. नवी घेऊ नये. पण चालू असलेली वाईट असेल तर? मग सोडावी? मग फिट आली तर? कागदच्या कागद खोडले. शेवटी म्हणाल्या, "घेतली तर बाळाला धोका, सोडली तर दोघांना. एका पाटीवर काय लिहू रे मी?"  नवी पाटी लागलीच नाही. त्या जागी भिंतीवर चार खिळे तेवढे राहिले.

त्या आठवड्यात त्यांनी संगीताचाही फॉर्म भरला. टपालात टाकायला माझ्याकडे दिला तेव्हा मी वाचला. 'संशयित औषध' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'फार्मासिस्ट भोईर यांची पाटी.' मी म्हणालो, "बाई, हे पाठवायचं नाही." त्या म्हणाल्या, "जे बघितलं ते लिहायचं." मी पाठवला. आणि गंमत बघा, इतक्या वर्षांत ज्या फॉर्मांचं कधी उत्तर आलं नाही, त्यातला हा एक परत आला. सोबत चिठ्ठी. औषधाचं नाव आणि बॅच नंबर लिहून पुन्हा पाठवावे. मला हसू फुटलं, मग भलतंच वाटलं. बाईंनी चिठ्ठी वाचली, घडी घालून खणात ठेवली.

पुढच्या महिन्यात बाईंनी स्वतःची रजा टाकली आणि संगीताला मुंबईला घेऊन गेल्या. तिच्या मुकादमिणीला आदल्या दिवशी फोन करून असा आवाज लावला, की खाड्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी हळूहळू जुनी गोळी कमी करत नवी सुरू केली. बाई येताना नव्या गोळीचा माहितीकागद घेऊन आल्या आणि भिंगाने वाचत बसल्या. जुनीपेक्षा ही बाळाला खूपच बरी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाईंनी त्यांना विचारलं होतं, "बरी म्हणजे किती बरी?" डॉक्टर सज्जन. म्हणाले, "जेवढं माहीत आहे, तेवढ्यावरून बरी."

ती नवी गोळी आमच्या साठ्यात नसायची. बाई मागणी लिहायच्या, कधी यायची, कधी नाही. नाही आली की आसपासच्या इस्पितळांत फोन लावून मागून आणायच्या. वर्ष नीट गेलं, फिट नाही. संगीताला परत दिवस गेले. या वेळी ती पहिल्याच दिवशी आली आणि बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून तिचं मनगट धरलं. "गोळी घेतेयस ना? एक जरी चुकवलीस तर घरी येऊन मारीन."

तिने एकही चुकवली नाही. तरी सहाव्या महिन्यात फिट परत सुरू झाल्या. बाईंचा चेहरा तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलेला बघितला. मुंबईला फोन केला तर कळलं, पोटुशीच्या अंगात ही गोळी टिकत नाही, लवकर निघून जाते. डोस वाढवावा लागतो. किती, ते रक्त तपासून ठरवतात. ती तपासणी आमच्याकडे कुठली? डॉक्टरांनी अंदाजाने वाढवला. फिट थांबल्या नाहीत, परत वाढवला. बाई मला म्हणाल्या, "गोळी तीच रे, पण बाई तीच राहिली नाय. आणि आपण अंधारात चाचपडतोय." वाढवलेल्या प्रत्येक गोळीबरोबर बाळाच्या पोटात काय जातंय, हे त्यांना विचारायची मला हिंमत झाली नाही. त्यांनाही ते कोणाला विचारता येत नव्हतं.

आठव्या महिन्यात बाई रिटायर झाल्या. नारळ, शाल, समोसे. भाषणात म्हणाल्या, "माझ्या हातून चुका झाल्या," आणि खाली बसल्या. लोकांना वाटलं विनय. संगीताला मुलगी झाली. नीट, पूर्ण दिवसांची, जोरात रडणारी. मी बाईंना फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "वजन किती?"

त्यानंतर बाईंशी बोलणं कमी झालं. खिडकी माझ्याकडे आली, आणि आता मीच सगळ्यांना वजन विचारतो, शिव्या खातो. परवा सकाळी विठ्ठलवाडी डेपोजवळ रिक्षाची वाट बघत होतो, तर बाकावर बाई. अंगाने निम्म्या झालेल्या, मांडीवर ती मुलगी, शेजारी संगीता. गोरी, गुटगुटीत पोर. अडीच वर्षांची झाली, संगीता म्हणाली. मी गाल ओढला तर हसली. छान चालते, खाते, मी वाकून चप्पल सरळ करून दिली तर पटकन पाय पुढे केला. फक्त बोलत नाही. एक शब्द नाही. कान तपासले, ठीक आहेत. थांबा म्हणतात, काही मुलं उशिरा बोलतात.

बाई दर बुधवारी बदलापूरहून तिच्याशी बोलायला येतात, हे मला संगीताने तेव्हा सांगितलं. बाहेर उजेडात बसलं की पोर जास्त लक्ष देते म्हणून बाक.

संगीताने मला विचारलं, "सर, गोळीमुळे असेल का हो? तेव्हा वाढवलेली ना." तिला ते बाईंसमोर विचारायचं नव्हतं, पण बाई तिथेच होत्या, जाणार कुठे. मी बाईंकडे बघितलं. वाटलं, आता तरी काहीतरी ठाम बोला, खोटं बोला, पण बोला. माझे डोळे भरून आले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"मला माहीत नाय संगी," बाई म्हणाल्या. "गोळीने असेल, फिटने असेल, कशानेच नसेल. ज्यांना विचारलं त्यांनाही माहीत नाय. कोणी बघून ठेवलंच नाय गं."

संगीताने मान हलवली. पर्समधून गोळी काढली, बाटलीतल्या पाण्याबरोबर घेतली. तिची रोजची वेळ होती.

बाईंनी मुलीचं तोंड आपल्याकडे वळवलं. "बोल, आई. आ... ई. बघ, तोंड बघ माझं. आ... ई." पोर टक लावून बघत होती. दहा वेळा झालं, वीस वेळा झालं. माझी रिक्षा आली, रिक्षावाला हॉर्न मारायला लागला. बाईंचा आवाज बसला आणि त्या दमून गप्प झाल्या. तेव्हा त्या पोरीने आपला छोटा हात वर केला आणि बोटांनी बाईंचे ओठ परत हलवून बघितले.